चेहरा शेवटी झाकायचा

१

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला आणि भर दालनात, एवढ्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "हे नकली आहे."

माणसाला काही गोष्टी कानात सांगता येत नाहीत का? पण प्राध्यापकांचा जन्म वर्गात शिकवण्यात गेलेला. बोलायचं ते मागच्या बाकापर्यंत पोचेल असंच. लिलाव दोन दिवसांवर होता, आणि त्याआधी माल नजरेखालून घालायला आलेली मंडळी भिंतीभिंतीने फिरत होती. त्या सगळ्यांच्या माना वळल्या.

भिंतीवर होता एक थांका. म्हणजे बौद्ध मठांमध्ये टांगतात ते कापडावरचं चित्र, वर एक काठी, खाली एक काठी, भोवती जरीच्या रेशमाची रुंद किनार. हवं तेव्हा उलगडा, हवं तेव्हा गुंडाळा. चित्रात निळ्या अंगाचा बुद्ध बसलेला, मांडीवर औषधाचं भांडं. हा औषधांचा बुद्ध. या लिलावातली सगळ्यात जुनी वस्तू हीच, आणि सगळ्या पोस्टरांवर फोटोही हिचाच.

"अहो, हळू!" लिलावगृहाचे मालक धावत आले. "अस्सल असल्याचा दाखला तुम्हीच तर दिलात!"

"दिला. तेव्हा पाहिलं ते मला अस्सल वाटलं. आज पाहतोय ते नाही. एक तर मी तेव्हा चुकलो, नाही तर हे चित्रच दुसरं आहे." प्राध्यापकांनी खांदे उडवले. "आणि खरं सांगू? मी चुकलो असेन. या वयात चुकतो माणूस."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. चित्र तिचं. डोळ्यांच्या एका डॉक्टरांची ती बायको, म्हणून सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. डॉक्टर जाऊन वर्ष झालं होतं. ती काठीला धरून उठली.

"म्हणजे माझे यजमान जन्मभर खोटं बोलले," ती म्हणाली. "असंच ना?"

प्राध्यापकांनी परत चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

२

चित्राचा विमा होता, त्यामुळे विमा कंपनीची बाई आली. कंपनीत तिला चौकशीबाई म्हणत, आणि तोंडावरच म्हणत. गुडघे कुरकुरणारे, जीभ सरळ, आणि एक खोड अशी की प्रश्नाआधी कुणी उत्तर सांगितलं की तिचं डोकं फिरायचं.

साहेबांनी नेमकं तेच केलं. फोनवर म्हणाले, "मुळातच नकली होतं, असं लिहा आणि मोकळ्या व्हा. प्रश्न मिटला."

"आणि खरं असून चोरीला गेलं असेल तर?"

"तर प्रश्न वाढला. तुम्हाला हौस आहे का प्रश्न वाढवायची?"

चौकशीबाईंना होती. पण साहेबांना सगळंच कशाला सांगायचं? "बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि आधी डॉक्टरीणबाईंचं घर गाठलं.

घर दोन खोल्यांचं, लख्ख. बाहेरच्या खोलीत भिंतीचा एक उभा तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. चित्राची जागा.

"तरुणपणी ते डोंगरात डोळ्यांच्या शिबिरांना जायचे," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "तिथल्या मठात एक म्हातारे भिक्षू होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. यांनी ऑपरेशन केलं. पट्टी सोडल्यावर त्या भिक्षूंनी आधी हे चित्र पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि चित्र उतरवून यांच्या हातात दिलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला चहा गाळता गाळता म्हणता येईल."

"तुमचा विश्वास आहे तिच्यावर?"

"परवापर्यंत होता. काल मुलाचा फोन आला. म्हणाला, आई, बाबांना कुणीतरी बनवलं असेल, नाही तर बाबांनीच बाजारातून आणून गोष्ट रचली असेल, सोड ना. आणि माझ्या मनात आलं, रचली असेल का? रंगवून सांगायची सवय होतीच त्यांना." तिने पदराने डोळे टिपले. "चित्र नाही मिळालं तरी चालेल मला. एवढंच शोधून द्या, की ते माझ्याशी खोटं बोलले का. मला तेवढंच हवंय."

चौकशीबाईंना अशा मागण्यांची सवय नव्हती. लोक त्यांच्याकडे भरपाई मागत. त्यांनी विषय बदलला. "चित्र कायम भिंतीवरच असायचं?"

"छे! उजेडाने रंग उडतात म्हणून निम्मं वर्ष कपाटात. गुंडाळायचे ते स्वतःच, मला हात लावू द्यायचे नाहीत. तू उलटं गुंडाळशील म्हणायचे."

"उलटं म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंनी दोरीवरचा टॉवेल ओढून मांडीवर पसरला. "हे बुद्धाचे पाय, हे डोकं. खालच्या काठीवर पायाकडून सुरुवात करायची, घट्ट, आणि वर वर यायचं. चेहरा शेवटी झाकायचा. म्हणजे उलगडताना पहिल्यांदा चेहराच दिसतो. त्या भिक्षूंनी शिकवलेलं. एवढ्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत हो."

चौकशीबाईंनी तो टॉवेल हातात घेतला, उलगडला आणि बराच वेळ बघत बसल्या. म्हातारीला वाटलं, टॉवेल मळका आहे की काय!

३

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीबाईंनी लिलावाचं एक मोठं पोस्टर मागून घेतलं आणि ते काखोटीला मारून त्या एकेकाला भेटत सुटल्या. प्रत्येकाला प्रश्न एकच. पोस्टरवरचं चित्र आणि दालनातलं चित्र, यांत फरक काय?

प्राध्यापकांच्या खोलीत भिंतभर नकाशे टांगलेले होते. त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं. "डोळे बघा. असली चित्रं काढणारे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. मूळ चित्रातला बुद्ध किंचित खाली बघतो, समोर कुणी बसलंय त्याच्याकडे. दालनातला कुठेच बघत नाही."

"मग तुम्ही 'चुकलो असेन' असं का म्हणालात?"

प्राध्यापक जरा ओशाळले. "त्या बाईंचा चेहरा बघून. चोरी झाली म्हणालो असतो तर तिथल्या तिथे कुणाच्या तरी गळ्यात फास पडला असता. मला वाटलं, मी स्वतःच मूर्ख ठरलेलं बरं."

"हे चित्र तुम्ही संग्रहालयासाठी मागितलं होतंत ना? आणि बाईंनी दिलं नाही."

"मागितलं. दोनदा. मागण्यात चोरी आहे का?" असं म्हणत त्यांनी पोस्टर खालच्या कडेपासून वर गुंडाळलं, त्याला फीत बांधली आणि परत दिलं.

मालकांना प्रश्न नीट ऐकूनही घ्यायचा नव्हता. "फरक बिरक मला काय विचारता? चोर घरातच आहे. आमच्या सूनबाईच दुरुस्ती बघतात. किनारीची शिवण तिनेच उसवली होती. सुई तिची, कात्री तिची, खोलीची किल्ली तिची. आणखी काय हवं?" बोलता बोलता त्यांनी पोस्टरची चार घड्यांची पुडी केली आणि सवयीने स्वतःच्याच खिशात घातली. चौकशीबाईंनी ते मागून घेतलं.

सूनबाई तळमजल्यावरच्या खोलीत होती. खोलीत जुनी वस्त्रं पुठ्ठ्याच्या जाडजूड नळ्यांवर गुंडाळून ठेवलेली, एकेक नळी मांडीएवढी.

"उसवली मी," ती म्हणाली. "पण एकाच बाजूची. रेशीम सुटलं होतं तिथे. मामंजींनीच सांगितलं होतं. शिवून, चित्र फोटोसाठी वर पाठवलं."

"आज चारही बाजूंना नवा दोरा आहे."

ती खाली बसली. "काल बघितलं मी. टाके हुबेहूब माझ्यासारखे घातलेत. घरात सांगितलं, तर नवरासुद्धा ताटातून मान वर करेना. बाई, या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक सुई इकडची तिकडे झाली नाही."

"पोस्टर जरा ठेवून द्या हो, माझे हात भरलेत," चौकशीबाई म्हणाल्या. सूनबाईने डोळे पुसले, घड्या सपाट केल्या आणि चित्राची बाजू बाहेर ठेवून पोस्टर एका जाड नळीवर सैलसर गुंडाळलं. "छापील चित्राला असं कशाला?" बाईंनी विचारलं. "सवय. चित्र आत गेलं की रंग चिरडतो."

शेवटी वरच्या मजल्यावर, मामांकडे. मामा म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ, लिलावगृहाचे फोटोग्राफर. घरातले, नोकर, गिऱ्हाइकं, सगळ्यांचे ते मामाच. माणूस मोठा गोड. त्यांनी चौकशीबाईंना गादीची खुर्ची दिली, गुडघ्याची विचारपूस केली, चहा सांगितला. स्टुडिओच्या एका टोकाला छताशी लाकडी दांड्यांवर रंगवलेले पडदे गुंडाळलेले होते. पूर्वी लोक असल्या पडद्यांसमोर बसून फोटो काढून घेत. मामांनी दोरी सोडली, तशी कुंड्या ठेवलेली संगमरवरी पायऱ्यांची वाट खाली उतरली. दोरी ओढली, तशी ती दांडीवर गुंडाळत वर गेली.

"वडिलांनी रंगवलेले. त्यांच्या हाताखाली मीही. पुढे डिजिटल आलं आणि आमच्या बागा, जिने, चंद्र, सगळं माळ्यावर गेलं."

"सगळे उतरतात अजून?"

"एक सोडून. तो सरोवराचा. त्याची दोरी अडकलीय."

"बरं, चित्रात फरक काय वाटतो?"

मामा हसले. "फरक? अहो बाई, लोक फोटो बघतात. चित्र कोण बघतं?" त्यांनी पोस्टर उभं धरून डोळे बारीक केले. "मला तर दोन्ही सारखीच दिसतात. प्राध्यापकांचं वय झालं." आणि वरच्या कडेला बोटं लावून भराभर खालपर्यंत गुंडाळत त्यांनी पोस्टर परत केलं.

चौकशीबाई खाली येतात तोच मालकांनी जिन्यातच गाठलं. "लिलाव संध्याकाळी आहे. त्याआधी सूनबाईला पोलिसांच्या ताब्यात देतोय. घराण्याच्या नावापुढे सून मोठी नाही."

४

"द्या की," चौकशीबाई म्हणाल्या. "पण त्याआधी ते चित्र मला टेबलावर पसरून द्या. आणि टॉर्च."

मालक कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. चौकशीबाईंनी दालनातला दिवा बंद केला आणि टॉर्च चित्राच्या कडेला आडवी धरली. आडव्या उजेडात कापडावरची प्रत्येक सुरकुती उठून दिसू लागली. आधी त्यांनी रेशमी किनारीच्या सुरकुत्या बघितल्या, खालून वर. मग चित्राच्या, वरून खाली. परत एकदा किनारीच्या.

"काय दिसतंय?" मालकांनी विचारलं.

"टॉवेल," बाई म्हणाल्या.

मालकांना वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

"सगळ्यांना वर स्टुडिओत बोलवा. प्राध्यापकांना, सूनबाईंना. आणि डॉक्टरीणबाईंना घ्यायला गाडी पाठवा."

"कशाला?"

"मला फोटो काढून घ्यायचाय."

५

डॉक्टरीणबाईंना जिना चढायला वेळ लागला. त्यांना पडद्यांसमोरच्या स्टुलावर बसवलं. सूनबाई दाराशी उभी राहिली, सासऱ्यांपासून लांब. मामा दिवे लावत होते.

"आधी एक गोष्ट सांगते, मग फोटो," चौकशीबाई म्हणाल्या. "एखादं कापड गुंडाळून ठेवलं की दबून त्याला सुरकुत्या पडतात. जिथून गुंडाळायला सुरुवात केली तिथे गुंडाळी बारीक असते, म्हणून सुरकुत्या जवळ जवळ. पुढे गुंडाळी जाड होत जाते, सुरकुत्या लांब लांब. घरी टॉवेल गुंडाळा, वर बसा, आणि बघा. डॉक्टर हे चित्र नेहमी पायाकडून गुंडाळायचे. रेशमी किनारीवर तेच दिसतं. खाली सुरकुत्यांची दाटी, वर विरळ. किनार खरी आहे, डॉक्टरांच्या घरचीच आहे."

"आणि चित्र?" प्राध्यापक पुढे झुकले.

"चित्रावर उलटं. वर दाटी, खाली विरळ. किनारीची एकही सुरकुती चित्रात शिरत नाही. जन्मभर एकत्र गुंडाळलेल्या दोन कापडांचं असं होईल कसं? डॉक्टरांकडे हेच नकली चित्र असतं, तर त्यांच्या हातच्या सुरकुत्या किनारीवरून थेट चित्रावर आल्या असत्या. आल्या नाहीत. म्हणजे या किनारीत परवापरवापर्यंत दुसरं चित्र होतं, आणि प्राध्यापकांनी अस्सल म्हटलं ते तेच."

डॉक्टरीणबाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"म्हणजे चोरी!" मालक सुनेकडे वळले. "मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही पुष्कळ म्हणता. आता ऐका. नकली चित्र जुनं दिसावं म्हणून कुणीतरी ते गुंडाळून दाबून ठेवलं. हे काम करताना हात आपल्या सवयीनेच चालतो, डोकं तिथे लक्ष देत नाही. म्हणून मी पोस्टर घेऊन फिरले. प्राध्यापकांनी ते नकाशासारखं खालून वर गुंडाळलं. तुम्ही त्याची पुडी केलीत, तुमच्याकडून एवढं नाजूक काम व्हायचं नाही. सूनबाईंनी चित्र बाहेर ठेवून जाड नळीवर घेतलं, त्याला अशा सुरकुत्याच पडत नाहीत. आणि ती बाई रोज जुनी वस्त्रं हाताळते. तिने चोरी केली असती तर किनारीशी सुरकुत्या जुळवल्याशिवाय टाका घातला नसता."

चौकशीबाईंनी गुंडाळलेलं पोस्टर वर धरलं.

"वरून खाली गुंडाळणारा एकच हात निघाला. ज्याचं सगळं आयुष्य वरच्या दांडीवर पडदे गुंडाळण्यात गेलं. ज्याला रंगवता येतं. ज्याच्याकडे फोटोसाठी चित्र राहिलं होतं." त्या मामांकडे वळल्या. "मामा, माझा फोटो काढा. मागे सरोवराचा पडदा सोडा."

"दोरी अडकलीय म्हटलं ना," मामा म्हणाले. आवाज तसाच गोड होता, पण हात दिव्याच्या खटक्यावरच राहिला.

सूनबाई दारातून पुढे आली. कुणाला न विचारता तिने दोरीची गाठ सोडली. दोरी मुळीच अडकलेली नव्हती. निळं सरोवर खाली उतरू लागलं, त्यातली कमळं, काठावरची होडी, मग आकाश, आणि आकाशही संपत आलं तेव्हा दांडीजवळच्या शेवटच्या वेढ्यांतून दुसरंच एक कापड डोकावलं. आधी कमळाचं आसन. मग निळे पाय.

"अगं बाई, उलटं गुंडाळलंय हो!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "पाय आधी आले!"

कुणाला हसावं की रडावं कळेना. पडदा उतरतच होता. मांडीवरचं औषधाचं भांडं, छाती, खांदे. सगळ्यात शेवटी चेहरा आला आणि पडदा थांबला. बुद्ध किंचित खाली बघत होता. खाली स्टुलावर म्हातारी बसली होती, आणि तो तिच्याकडेच बघत होता.

"हेच," प्राध्यापक हलक्या आवाजात म्हणाले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

मालक मेहुण्याकडे बघत राहिले. "तुला काय कमी केलं होतं रे आम्ही?"

"काही नाही," मामा म्हणाले आणि गादीच्या खुर्चीत बसले. "गिऱ्हाईक परस्पर मिळालं होतं. माझं चित्र तुमच्या लिलावात दिमाखात गेलं असतं, कुणाचं काही अडलं नसतं. इतकी वर्षं तुम्ही सगळे माझे फोटो बघताय. एकाने तरी कधी ओळखलं होतं, मला रंगवता येतं म्हणून?" त्यांनी सूनबाईकडे बघितलं आणि नजर खाली केली. "तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं गं."

"माझ्यासारखे टाके घालताना काय वाटलं होतं, मामा?" ती म्हणाली.



६

पोलीस आले, मामांना घेऊन गेले. मालक सुनेसमोर उभे राहून बराच वेळ घसा खाकरत होते. माफी मागायची त्या घरात पद्धत नसावी. शेवटी म्हणाले, "किनार परत जोडशील ना?" ती म्हणाली, "जोडीन. पण खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे राहील." मालकांनी मुकाट्याने किल्ली काढून दिली.

साहेबांचा फोन आला. चौकशीबाई म्हणाल्या, "प्रश्न वाढला होता, आता मिटला," आणि त्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही.

चित्र पडद्यावरून उतरवून टेबलावर ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं.

"मी गुंडाळते. आजवर त्यांनी हात लावू दिला नाही."

"काकू, या जाड नळीवर घ्या," सूनबाई म्हणाली. "पण तुमच्या पद्धतीनेच, पायाकडून."

म्हातारीने कमळाचं आसन नळीला लावलं आणि हळूहळू वर येऊ लागली. कापड सरळ चाललं होतं. खांद्यापर्यंत आली आणि थांबली. फक्त चेहरा उरला होता.

"लिलाव ठेवू की रद्द करू?" मालकांनी मागून विचारलं.

"ठेवा. येतील ते पैसे डोळ्यांच्या शिबिरांना द्यावेत अशी यजमानांची इच्छा होती. फक्त चित्राची माहिती सांगाल तेव्हा भिक्षूंची गोष्ट सांगा. ते सांगायचे तशीच, काही गाळू नका."

मग ती चेहऱ्यावर वाकली. आता ती बुद्धाशी बोलत होती की आणखी कुणाशी, हे चौकशीबाईंना विचारायची गरज वाटली नाही.

"दोन दिवस मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली. "एवढा संसार करून. चुकले हो मी."

उत्तर येणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग तिने पदराने हात पुसले आणि चेहरा झाकला.